दुसरा पेला

धुळवडीला माझी अपघात विभागात ड्यूटी असली, की दुपारनंतर भांगेचे पेशंट येणार हे ठरलेलंच. एकदा बारावीतला मुलगा आणला. केसांत रंग, ओठ कोरडे, नाडी १४०. "मॅडम, मी मरतोय का हो?" माझा हात सोडेचना. पहिल्या पेल्यानं काहीच झालं नाही, म्हणून अर्ध्या तासात दुसरा प्यायला होता. इथंच घात होतो. गांजाचा धूर मिनिटांत चढतो. पोटातली भांग चढायला दोन तासही घेते आणि यकृतात तिच्यातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचं आणखी जोरकस रसायन बनतं. मग भीती, भास, उलट्या. हृदयविकार असेल तर जिवावरच बेतू शकतं. रोज गांजा ओढणाऱ्या कोवळ्या पोरांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे घरच्यांना पटवणं मला अजूनही जड जातं. रात्री अकराला त्या मुलानं पाणी मागितलं.