औषधाची चिठ्ठी आणि गरिबाचा खिसा

आळंद, भालकी, औराद किंवा बसवकल्याण तालुक्यातील शेतमजूर आजारी पडला, म्हणजे डॉक्टरांपेक्षा औषधाच्या चिठ्ठीचीच त्याला अधिक धास्ती वाटते. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर औषध नसले, की तीच चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानाची पायरी चढावी लागते आणि दिवसाची मजुरी तेथेच संपते. मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांवर तर हा प्रसंग दर महिन्यास येतो. मग गोळ्या एक दिवसाआड घेणे, नाही तर दुखणे अंगावर काढणे, एवढेच त्यांच्या हाती उरते.

ह्याच प्रश्नावर कर्नाटकात २०२५ साली मोठा वाद झाला. सरकारी रुग्णालयांच्या आवारातील जनऔषधी केंद्रे बंद करावीत, असा आदेश राज्य सरकारने मे महिन्यात काढला. येथे औषध विनामूल्यच मिळावयाचे असताना विक्रीचे दुकान कशास हवे, अशी आरोग्यमंत्री दिनेश गुंडू राव ह्यांची भूमिका होती. खिडकीवर औषध न मिळाल्यास गरिबाला निदान स्वस्त दुकान तरी जवळ असावे, असे विरोधकांचे म्हणणे होते. जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने त्या आदेशास स्थगिती दिली.

आमच्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेत औषध कंपनीच्या नावाने नव्हे, तर मूळ द्रव्याच्या नावाने विकले जाते. म्हणून ते पुष्कळ स्वस्त पडते. परंतु ज्याचा खिसा रिकामा आहे, त्याला स्वस्तही महागच. उलट, विनामूल्य म्हणून जाहीर झालेले औषध कपाटातच नसेल, तर त्या घोषणेने कोणाचा ताप उतरावयाचा?

दुकान असावे की नसावे, ह्याहून खिडकीवर औषध आहे की नाही, हा प्रश्न मोठा होय. तमिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापून जिल्ह्याजिल्ह्यांत कोठारे उभारली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना चालविली. शेजारच्या महाराष्ट्रातही आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले. ब्रिटनसारख्या संपन्न देशातही चिठ्ठीवरील आकार १९५२ साली बसला, १९६५ साली उठला व १९६८ साली पुन्हा आला. वेल्सने तो २००७ साली व स्कॉटलंडने २०११ साली काढून टाकला.

आमच्या वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव स्पष्ट लिहिण्याची विनंती करावी. चिठ्ठी प्रथम सरकारी खिडकीवरच दाखवावी. औषध नसल्यास मुकाट्याने न परतता वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे व दवाखान्याच्या आरोग्य रक्षा समितीकडे लेखी कळवावे. लिहिता न येणाऱ्या शेजाऱ्याचा अर्ज शिकलेल्या मुलामुलींनी लिहून द्यावा. आणि पैशांअभावी कोणी गोळ्या अर्ध्यावर सोडीत असेल, तर गावाने त्याची वेळीच विचारपूस करावी.