तंबाखूविरोधी संशोधनाचे धुरीण : पूर्वपीठिका आणि पैसा

तिगावच्या या शाळेने आपल्या एका जुन्या विद्यार्थ्यास स्मृतिव्याख्यानाचा मान दिला, याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. वेळेअभावी व्याख्यानात जे ओझरते सांगावे लागले, ते या पुस्तिकेसाठी थोडे विस्ताराने मांडीत आहे.

आरंभ एका घरगुती प्रसंगाने करतो. काही वर्षांपूर्वी आपल्या परिसरात मुखरोग-तपासणीचे शिबिर भरवावे, असे आम्ही काही जणांनी ठरविले होते. पानठेल्यावर घोटलेला खर्रा तोंडात धरून दिवस काढणारी माणसे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. माझा एक वर्गबंधू जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभरही जगला नाही. शिबिराला पैसा हवा होता. तंबाखूच्या एका घाऊक व्यापाऱ्याने सर्व खर्च देऊ केला, अटी दोनच. समितीत त्यांचा एक माणूस असावा आणि फलकावर ‘तंबाखू’ हा शब्द नसावा. देणगी स्वीकारावी, असे मत सर्वांत मोठ्याने मीच मांडले. पैसा कोणाचाही असो, काम तर पुण्याचे आहे, असा माझा युक्तिवाद होता. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते त्या बैठकीस होते. त्यांनी एवढेच विचारले, “आज फलकावरचा शब्द पुसला, उद्या तपासणीत काय आढळले हे सांगायचे की नाही, ते कोण ठरवील?” मला उत्तर देता आले नाही. शिबिर पुढे वर्गणीवर, याच शाळेच्या व्हरांड्यात झाले.

गुरुजींचा तो प्रश्न केवळ आमच्या समितीपुरता नव्हता. तंबाखूच्या दुष्परिणामांवर संशोधन करणाऱ्या संस्थांच्या इतिहासात तो वारंवार उभा राहिलेला आहे. अशा संस्थेच्या अग्रस्थानी कोण बसतो, तो पूर्वी काय करीत होता आणि त्याच्या कामाचा खर्च कोण उचलतो, हे पाहिल्याखेरीज तिच्या निष्कर्षांचे मोल ठरत नाही.

प्रथम आपल्या देशाकडे पाहू. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. ते विकृतिशास्त्रज्ञ होते; म्हणजे रोगग्रस्त पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा करणे हा त्यांचा व्यवसाय. पुढे १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची धुराही त्यांनीच वाहिली. त्यांचे सहकारी डॉ. एल. डी. संघवी हे मानवी आनुवंशिकीचे अभ्यासक. तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखविणारा त्यांचा शोधनिबंध १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यानंतरची पिढी रुग्णालयातून खेड्यांत गेली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग उभा राहिला. त्याचे प्रमुख डॉ. फली मेहता दंतवैद्यकातले, कोपनहेगनचे त्यांचे सहकारी डॉ. येन्स पिंडबोर्ग मुखविकृतींचे जाणकार, तर डॉ. प्रकाश गुप्ता हे संख्याशास्त्राचे अभ्यासक. या मंडळींनी प्रथम देशातील पाच जिल्ह्यांत ५०,९१५ ग्रामस्थांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध झाले. पुढे पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची पाहणी झाली आणि तिचा वृत्तांत १९७२ साली छापला गेला. घरोघर जाऊन माणसांची तोंडे तपासायची, सवयी नोंदवायच्या आणि काही ठिकाणी वर्षानुवर्षे त्याच माणसांकडे परत जायचे, अशी ही पद्धत. मुखकर्करोग जवळजवळ केवळ तंबाखू वापरणाऱ्यांतच उद्भवतो, हे त्यातून निर्विवाद झाले. १९७७ पासून तीन जिल्ह्यांतील सुमारे ३६,००० तंबाखूसेवकांना सवय सोडण्याविषयी समजावण्याचा प्रयोगही करण्यात आला. ज्यांना असा सल्ला मिळाला त्यांच्यात तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण घटले. केवळ दोष दाखवून हे संशोधन थांबले नाही, उपायही सिद्ध करून गेले.

याच गुप्तांनी १९९१ पासून मुंबईत मतदारयाद्यांच्या आधारे मोठी पाहणी हाती घेतली आणि क्षेत्रकार्यात हातात मावणारे संगणक वापरले. पुढे २००४ साली नवी मुंबईत ‘हीलिस सेखसरिया इन्स्टिट्यूट फॉर पब्लिक हेल्थ’ ही संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. संस्थेच्या नावातील सेखसरिया म्हणजे अंबुजा सिमेंटचे संस्थापक नरोत्तम सेखसरिया. येथे धनिकाचा हात आहे, हे लपविण्याचे कारण नाही; परंतु हे धन सिमेंटच्या धंद्यातून आलेले आहे. निष्कर्ष काहीही निघाला तरी सिमेंटच्या एका पोत्याचीही विक्री घटत नाही. हा भेद लहान वाटतो, पण सारे त्यावर अवलंबून आहे.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांनी १९५४ च्या जानेवारीत वृत्तपत्रांतून एक मोठे निवेदन छापून संशोधन समिती स्थापन केल्याचे जाहीर केले. तिचे वैज्ञानिक प्रमुख म्हणून त्यांनी क्लॅरेन्स कुक लिटल यांना आणले. हे गृहस्थ नामांकित आनुवंशिकीतज्ज्ञ, मिशिगन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष, शिवाय कर्करोग-नियंत्रणासाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे माजी व्यवस्थापकीय संचालक. यापेक्षा उजळ पूर्वपीठिका कोणती असणार? तरीही पुढील अनेक वर्षे ‘धूम्रपानाने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले नाही’ असेच ते सांगत राहिले. त्या समितीचीच उत्तराधिकारी परिषद १९९८ च्या करारानुसार बंद करावी लागली, आणि कंपन्यांनी जनतेची दीर्घकाळ फसवणूक केली असा निर्णय अमेरिकन न्यायालयाने २००६ साली दिला.

अलीकडचे उदाहरणही असेच बोलके आहे. २०१७ साली ‘फाउंडेशन फॉर अ स्मोक-फ्री वर्ल्ड’ ही संस्था निघाली. तिचे पहिले अध्यक्ष डेरेक याक हे पूर्वी जागतिक आरोग्य संघटनेत उच्चपदावर होते. तंबाखू-नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार घडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण संस्थेस बारा वर्षे, दरवर्षी सुमारे आठ कोटी डॉलर देण्याचे वचन दिले होते फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने. आरोग्य संघटनेने त्याच वर्षी जाहीर केले, की आम्ही या संस्थेशी भागीदारी करणार नाही. पुढे २०२३ साली हा अर्थपुरवठा अखेरचा हप्ता देऊन संपविण्यात आला आणि २०२४ साली संस्थेने नावही बदलले.

या दोन गृहस्थांच्या व्यक्तिगत सचोटीविषयी निकाल देण्याचा माझा हेतू नाही. सांगावयाचे ते एवढेच, की पदवी आणि पूर्वीची कीर्ती ही अर्धीच साक्ष असते. नियुक्ती करणाऱ्याला तीच कीर्ती हवी असते, कारण तिच्या सावलीत पैशाचा उगम दिसेनासा होतो. खानोलकर वा मेहता विश्वासार्ह ठरले ते केवळ विद्वत्तेमुळे नव्हे. त्यांनी काढलेला निष्कर्ष दाबून टाकण्यात ज्याचा लाभ होता, त्याच्या हाती त्यांची तिजोरी नव्हती, म्हणूनही. याच कारणाने उपर्युक्त आंतरराष्ट्रीय कराराच्या ५.३ या कलमात आरोग्यविषयक धोरण तंबाखू-उद्योगाच्या हितसंबंधांपासून जपण्याचे बंधन राष्ट्रांवर घातलेले आहे. भारताने हा करार २००४ साली मान्य केला.

देशाच्या २०१६-१७ च्या पाहणीनुसार २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात, आणि त्यांतील बहुतेकांची तंबाखू धुराविना वापरण्याची आहे. मध्य प्रदेशाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, असे २००३ चा कायदा सांगतो. तरी खर्रा घोटणारे हात थांबलेले नाहीत. अशा वेळी मदत घेऊन कोणी ना कोणी शाळेच्या, पंचायतीच्या, ट्रस्टच्या दारी येणारच. तेव्हा आपण तीन प्रश्न विचारावेत : हा गृहस्थ पूर्वी काय करीत होता? त्याला पैसा कोण देतो? आणि जे आढळेल ते जाहीर करण्यास त्याला कोणाची परवानगी लागते?

तिसरा प्रश्न गुरुजींचा आहे. त्या बैठकीत मला त्याचे उत्तर देता आले नव्हते. आज देता येते, पण ते ऐकायला गुरुजी नाहीत. म्हणून ते आपल्या हाती सोपवीत आहे.