पती-पत्नी दोघेही राजनैतिक अधिकारी: अमेरिकेतली ‘टँडम’ जोडी

अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत नवरा-बायको दोघेही असतील, तर त्यांना ‘टँडम कपल’ म्हणतात. १९७२ पर्यंत अशी जोडी जुळणे अवघडच होते, कारण लग्न केलेल्या महिला अधिकाऱ्याने राजीनामा द्यावा अशी अपेक्षा असे.

आजही जोडीने अर्ज करण्याची सोय नाही. लेखी परीक्षा, तोंडी चाचणी, वैद्यकीय तपासणी आणि पार्श्वभूमीची चौकशी हे टप्पे प्रत्येकाला स्वतंत्रपणे पार करावे लागतात. तोंडी चाचणीतला गटचर्चेचा भाग प्रसिद्ध आहे: प्रत्येक उमेदवार एकेक प्रकल्प मांडतो आणि मग अपुऱ्या निधीत कोणते बसवायचे, यावर सगळ्यांनी मिळून एकमत करायचे. तिथे आपलाच हेका धरून चालत नाही.

पात्र उमेदवाराचे नाव गुणानुक्रमे प्रतीक्षायादीत जाते. ठरलेल्या मुदतीत, साधारणतः १८ महिन्यांत, बोलावणे आले नाही तर ते यादीतून गळते. त्यामुळे एक रुजू झाला आणि दुसरा यादीतच अडकला, असेही घडते.

पुढची कसरत बदल्यांची. एकाच दूतावासात दोघांना जागा मिळाली, तरी एकाने दुसऱ्याच्या हाताखाली काम केलेले चालत नाही. जागाच नसेल, तर एकाने बिनपगारी रजा घ्यायची, नाहीतर दोघांनी दोन देशांत राहायचे.