खांबावरची अढी आणि मनातली अढी



अढी हा शब्द तुम्हा सर्वांना माहीत आहे. आंबे पिकायला पेंढ्यात घालतात, तिला अढी म्हणतात. कोणाबद्दल मनात राग धरला तर मनात अढी धरली असे म्हणतात. आणखी एक अढी मल्लखांबावर असते. ती मला चांगली येत होती. मग एक दिवस ती यायचीच बंद झाली. ती का बंद झाली आणि परत कशी आली ते मी या लेखात सांगणार आहे.

आधी मल्लखांबाची थोडी माहिती सांगतो. मल्ल म्हणजे पैलवान. पैलवानाने मेहनत करायचा खांब म्हणजे मल्लखांब. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ही विद्या वाढवली. खांब सागाचा किंवा शिसवाचा असतो. तो खाली जाड आणि वर बारीक होत जातो. त्याचे तीन भाग असतात. खालचा मोठा भाग म्हणजे अंग, वरचा बारीक भाग म्हणजे मान आणि टोकावरचा गोळा म्हणजे बोंड. आमच्या शाळेचा खांब आम्ही सुतळीने मोजला. बुंध्याचा घेर ५४ सें.मी. भरला. उंची गुरुजींच्या डोक्याच्या बरीच वर जाते. अंग सोलू नये म्हणून खांबाला एरंडेल तेल लावतात.

आता साधी अढी कशी घालतात ते पाहू. खांबासमोर उभे राहायचे. दोन्ही हातांनी खांबाला घट्ट विळखा घालायचा. डोके एका बाजूला घ्यायचे. मग पाय उचलून वर न्यायचे आणि खांब दोन्ही मांड्यांत पकडायचा. म्हणजे डोके खाली आणि पाय वर. वाचायला सोपे आहे, पण पाय वर जाताना एक क्षण असा येतो की पाय जमिनीवरही नसतात आणि खांबावरही नसतात. सगळी भीती त्या एका क्षणात असते.

मला साधी अढी तिसरीत असतानाच आली होती. चौथीत दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा सराव करताना माझ्या मांड्या खांबावरून घसरल्या आणि मी खांद्यावर पडलो. खाली गादी होती. खांदा थोडा खरचटला, बाकी काही नाही. दोन दिवसांत खपली धरली. तिसऱ्या दिवशी मी खांबापाशी गेलो, विळखा घातला, आणि पाय उचलेनात! मी मनात म्हणायचो, "उचल, उचल." पण पाय जमिनीला खिळल्यासारखे. पोरं मागे रांगेत उभी. कोणीतरी म्हणाले, "ह्याला काय झालं रं?" मला रडू आले.

मला वाटले उद्या जमेल. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर तेच. मी रोज जास्त जोर करायचो आणि रोज जास्त अडायचो. मग मी एक वाईट गोष्ट केली. ती लिहितो, कारण ती लिहिली नाही तर लेख खोटा होईल. सरावाच्या दिवशी मी आईला सांगितले की माझे पोट दुखते. एकदा सांगितले, दोनदा सांगितले. आईने ओवा दिला, पोट शेकले. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती खुरपणीला गेली नाही. मला घेऊन दवाखान्यात गेली. तिचा एक दिवसाचा रोज बुडाला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि गोळ्या दिल्या. येताना आई काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "दमला असशील, माझ्या पिशवीला धर." तेव्हा माझे पोट खरोखरच दुखायला लागले.

त्या रात्री मी आईला सगळे खरे सांगितले. मला वाटले आता मार बसणार. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझंबी असंच झालतं. तुझ्याएवढी होते तवा विहिरीत पोहायची. एकदा नाकातोंडात पाणी गेलं. मग पाण्यात उतरायचं म्हटलं की पायच गळायचे. सगळ्या पोरी पोहायच्या अन् मी पायरीवर बसायची."

मी विचारले, "मग?"

"मग काय. आधी नुसते पाय बुडवून बसले. मग गुडघ्यापर्यंत. मग कमरेपर्यंत. माझ्या बापानं कमरेला दोर बांधला अन् वर धरून बसला. उन्हाळा सरेस्तोवर परत पोहायला लागले. मला कुणी ढकललं असतं तर जन्मात उतरले नसते."

सकाळी आई माझ्याबरोबर शाळेत आली आणि गुरुजींना मी सगळे सांगितले. गुरुजी रागावले नाहीत. ते हसून म्हणाले, "अरे, अढी खांबावर घालायची असते. तू ती मनात घालून बसलास!"

मग गुरुजींनी वर्गात फळ्यावर चित्र काढून हे का होते ते समजावले. आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. त्याचे काम धोका ओळखणे. मी पडलो तेव्हा त्याने ते लक्षात ठेवले. आता मी खांब धरला की तो लगेच ओरडतो, "थांब, पडशील!" मग छाती धडधडते, श्वास अडतो, अंग ताठ होते, तळहाताला घाम येतो. मेंदूच्या मागे खालच्या बाजूला लहान मेंदू असतो. तो सायकल चालवणे, पोहणे अशा शिकलेल्या हालचाली आपण विचार न करता नीट करू देतो. पण घाबरून आपण एकेका हालचालीचा विचार करायला लागलो की त्याच्या कामात गोंधळ होतो. म्हणून येत असलेली गोष्टही येईनाशी होते. गुरुजी म्हणाले, "याचा अर्थ हा मुलगा भित्रा आहे असा नाही. त्याचा राखणदार जरा जास्त जागा झाला आहे. त्याला मारून झोपवता येत नाही. त्याला दाखवून द्यावे लागते की इथे चोर नाही."

हे मोठ्या खेळाडूंनाही होते. अमेरिकेच्या सिमोन बाइल्स हिने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची ४ सुवर्णपदके मिळवली होती. २०२१ मध्ये टोकियोला तिने उडी मारली, तेव्हा हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या. पण दीडच झाल्या. हवेत आपण कुठे आहोत तेच तिला कळेना. ती त्या स्पर्धेतून बाहेर बसली. पुष्कळ लोक तिला बोलले. पुढे काही दिवसांनी ती अरुंद तुळईवरच्या खेळात उतरली. खाली उडी मारताना तिने गिरकीची उडी सोडून बिनगिरकीची उडी घेतली आणि कांस्यपदक मिळवले. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने ३ सुवर्ण आणि १ रौप्य पदक मिळवले. म्हणजे तीसुद्धा आधी एक पायरी खाली उतरली, माझ्या आईसारखी.

आता मी काय काय केले ते क्रमाने लिहितो.

१) पहिला आठवडा अढी घालायचीच नाही असे ठरले. फक्त सलामी, खांबावर चढणे, मांड्यांनी खांब धरून थांबणे आणि उतरणे. हे मला येत होते. त्यामुळे खांब परत ओळखीचा झाला.

२) भिंतीला टेकून शीर्षासन केले. गुरुजी पाय धरायचे. डोके खाली झाले तरी काही होत नाही हे अंगाला कळले.

३) डोळे मिटून मनात अढी घातली. आधी मनातसुद्धा मी दर वेळी पडायचो! गुरुजी म्हणाले, "सावकाश बघ, आणि शेवटपर्यंत बघ." चार दिवसांनी मनात नीट जमली.

४) मग खांबावर. गुरुजींनी एक हात कमरेला आणि एक खांद्याला लावला. पाय वर गेले. पुढे एकच हात. पुढे नुसते एक बोट. त्या बोटाने काही माझे वजन पेलत नव्हते, पण ते बोट आहे म्हणून पाय उचलत होते. शेवटी गुरुजी फक्त शेजारी उभे राहिले.

५) पाय उचलण्याआधी तोंडाने "एक, दोन, तीन" म्हणायचे आणि तीनला श्वास सोडायचा. श्वास सोडला की अंग ताठ राहत नाही.

६) तीन चांगल्या झाल्या की थांबायचे. दमून चौथी बिघडली तर राखणदार परत जागा होतो.

२६ जानेवारीला माझी अढी तयार झाली नव्हती. गुरुजींनी मला फक्त सलामी आणि चढण दिली. माझ्यापेक्षा लहान पोरांनी अढी घातली. माझे चुलते सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढंच व्हय?" मला वाईट वाटले. पण मी दिलेले नीट केले आणि रांगेत येऊन उभा राहिलो.

फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळच्या शाळेत मी "तीन" म्हटले आणि पाय वर गेले. डोके खाली असताना मला गुरुजी उलटे दिसले. ते दोन पावले लांब उभे होते! ते कधी मागे सरकले ते मला कळलेच नाही.

त्यानंतर एकदा पाय परत अडले. पण मी घाबरलो नाही. दोन दिवस परत कमरेला हात लावून केले आणि सुटले. वाट आता माहीत झाली आहे.

मित्रांनो, कोणाला पाण्याची भीती असते, कोणाला फळ्यापुढे उभे राहायची, कोणाला भागाकाराची. त्याला "भित्रा" म्हणून चिडवू नका. आणि मोठ्या माणसांना एक विनंती. बैल ओढ्यात अडला तर आपण आधी गाडीतले ओझे उतरवतो. मुलगा अडला तर त्याचेही थोडे ओझे उतरवा. आणि गुरुजी शेजारी नसतील तर अढी घालायला कोणीही जाऊ नये.

पोटदुखीची गोष्ट लिहू का, असे मी आईला विचारले. ती म्हणाली, "लिही की. पण दवाखान्यातल्या गोळ्या मी अजून डब्यात ठेवल्यात, तेबी लिही. परत पोट दुखलं तर घालीन तोंडात." म्हणून तेही लिहिले.

— इयत्ता ४ थी