संगणकावरील सत्र आणि कार्यपटल

महागाव तालुक्यातील एखाद्या दोनशिक्षकी शाळेत संगणक एकच असला, तर त्याच पडद्यावर हजेरीचे तक्ते आणि मुलांची चित्रे, दोन्ही चालवावी लागतात. लिनक्स प्रणालीवरील ‘एक्सएफसीई’ ही मांडणी जुन्या यंत्रासही पेलते आणि तीत या कामांसाठी निरनिराळी कार्यपटले मिळतात. मूळ योजनेत ती ४ असतात.

एकावर तक्ता, दुसऱ्यावर चित्र ठेवावे. कंट्रोल व आल्ट धरून डावा किंवा उजवा बाण दाबला की पटल पालटते. मात्र पडद्याच्या रिकाम्या जागी माऊसचे चाक फिरले तरी ते पालटते, आणि ‘गुरुजी, चित्र गेले!’ अशी ओरड होते. चित्र शेजारच्या पटलावर सुखरूप असते. ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मधील चाकाची ती खूण काढून टाकावी. पटल म्हणजे कुलूप नव्हे. हजेरी मुलांच्या हाती लागू नये यासाठी त्यांचे खाते निराळेच हवे.

सत्राबाबत अधिक सावधगिरी हवी. ‘सेशन अँड स्टार्टअप’मध्ये आपोआप जतनाची खूण केल्यास, बाहेर पडताना उघडे असलेले कार्यक्रम पुढील वेळी पुन्हा उघडतात. परंतु त्यांतील मजकूर सत्र राखत नाही, आणि वीज अकस्मात गेल्यास कार्यक्रमांची नोंदही होत नाही. रायगड जिल्ह्यातील खैराट येथे २००७ साली मुलांना दिलेल्या लॅपटॉपांवर, तेही लिनक्सचेच, काम आपोआप रोजनिशीत जमा होई. एक्सएफसीईच्या सत्रात तशी सोय नाही. यास्तव हजेरी भरताना कंट्रोल व एस या कळा वरचेवर दाबाव्यात. नको ते कार्यक्रम रोज उघडू लागल्यास जतन झालेली जुनी सत्रे पुसून टाकावीत.