हलक्या रायफलची दुर्बीण : आधी वजन, मग आकडा

कोकणातील आपली अनेक घराणी शंभराहून अधिक वर्षांपासून दक्षिण आफ्रिकेत, विशेषतः केपटाउनमध्ये स्थायिक आहेत. तेथील कारू या उजाड मुलखात हिवाळ्यात खासगी शेतांवर, रीतसर परवानगीने, स्प्रिंगबॉक जातीच्या हरणांची शिकार होते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण तिकडचे पाहुणे आले की रायफलवरच्या दुर्बिणीचा विषय निघतोच. आम्ही कापडाचे व्यापारी. तरी माल पारखण्याची रीत सगळीकडे एकच.

पहिली गोष्ट वजन. अडीच किलोची रायफल माणूस जादा दाम देऊन घेतो, ती दिवसभर खांद्यावर वागवायची म्हणून. तिच्यावर पाऊण किलोची दुर्बीण चढवली तर ते दाम पाण्यात गेले. शिवाय रायफल वरून जड होऊन हातात कलंडते. साडेतीनशे ते चारशे ग्रॅमची दुर्बीण पुरे.

दुसरी गोष्ट धक्का. काडतूस तेच असले तरी हलकी रायफल अधिक जोराने मागे येते. म्हणून डोळा आणि काच यांत नऊ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवूनही पूर्ण चित्र दिसले पाहिजे. नाहीतर दुर्बिणीची कड बसून भुवई फुटते. पुष्कळ दुर्बिणींत मोठेपणा वाढवला की हे अंतर घटते, तेव्हा सर्वांत मोठ्या आकड्यावर ठेवूनच तपासावे.

तिसरी गोष्ट आकडे. '३-९×४०' म्हणजे वस्तू तीन ते नऊ पट मोठी दिसते आणि पुढची काच ४० मिलिमीटरची आहे. ४० ला नऊने भागले तर साडेचार मिलिमीटरहून थोडा कमी प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. चारने भागले तर दहा. अंधारात तरुणाच्या डोळ्याची बाहुलीही सातेक मिलिमीटरच उघडते. म्हणजे संध्याकाळी आकडा कमी करावा. त्यासाठी अवजड काच घेण्याची गरज नाही. पट जितकी जास्त, तितका हाताचा कंपही मोठा दिसतो आणि नजरेतला मुलूख आकसतो. दोनशे मीटरपर्यंत '२-७×३३' सुद्धा भागते.

कापडाचा रंग आपण ट्यूबलाइटखाली ठरवत नाही, दाराशी नेऊन पाहतो. दुर्बीणही दुकानाच्या झगमगाटात पारखू नये. मगरिबच्या सुमारास बाहेर येऊन दूरच्या झाडाची फांदी न् फांदी वेगळी दिसते का, ते पाहावे.

नबी करीम (स.) यांनी जिबह करतानाही जनावराला नाहक यातना न देण्याची ताकीद दिली आहे. कापड चुकीचे घेतले तर तोटा गिऱ्हाइकाचा. येथे निवड चुकली तर जखमी जनावर तडफडत रानात निघून जाते. म्हणून विकणाऱ्यानेही मोठा आकडा गळ्यात न मारता खरे ते सांगावे. बरकत त्यातच आहे.