कुंडीतली शेवंती : नवी जात घडते कशी?



बेणे बदलणे ही आपणांस नवी गोष्ट नाही. को ७४० ने आपल्या भागात किती वर्षे राज्य केले हे जुन्या सभासदांना सांगावयास नको, आणि त्यानंतर को ८६०३२ आली तेव्हा “हा ऊस कोणी नि कसा काढला?” असे विचारणारेही आपल्यांतच होते. आता तोच प्रश्न शेवंतीबद्दल येऊ लागला आहे. उसाच्या जोडीला चार गुंठे फुले करणारे सभासद आहेत, आणि कुंडीतली शेवंती शहरात बरी खपते हे पाहून घरच्या अंगणात रोपवाटिका काढण्याचा विचार करणाऱ्या भगिनीही आहेत. “नवी जात” म्हणून महागाचे छाटे विकत घेण्याआधी ती जात घडते कशी, हे समजून घेतलेले बरे. पैसा आपला आहे.

प्रथम एक फरक. हारासाठी आपण लावतो ती झिपरी, राजा किंवा रेवडी शेवंती ही सुट्या फुलांची. तिचे झाड उंच गेले, जरा लोळले तरी चालते, तोड किलोवर जाते. कुंडीत झाडच विकावयाचे असते. ते बुटके हवे, चेंडूसारखे गोल भरलेले हवे, फुले एकदम उमलणारी हवीत आणि घरात नेल्यावर पंधरा-वीस दिवस टवटवीत राहावयास हवीत. सहा इंची कुंडीत झाड फूट-सव्वाफुटाच्या वर गेले की गिऱ्हाईक पाठ फिरवते. म्हणून हारासाठी चांगली असलेली जात कुंडीत क्वचितच चालते.

आता जन्माची गोष्ट. उसाप्रमाणेच शेवंतीही आपण बियांपासून लावीत नाही. उसाची टिपरी, तशा शेवंतीच्या काश्या किंवा शेंड्याचे छाटे. त्यामुळे एका झाडापासून हजार झाडे केली तरी ती सगळी एकच झाड असतात, फक्त जागा वेगळ्या. नवेपणा येतो तो बियांतून. कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले आणि १९१८ साली लागवडीचा ऊस व रानटी काश यांच्या संकरातून को २०५ बाहेर पडली, तीही तुऱ्यातल्या बियांतूनच. शेवंतीचे बी पेरले तर एकाच फुलातल्या दहा बियांची दहा झाडे दहा तऱ्हेची निघतात. कारण तिच्या पेशीत रंगसूत्रांचे सहा संच असतात, साधारणपणे एकूण चोपन्न रंगसूत्रे, आणि ती शतकानुशतकांच्या मिसळीतून आलेली आहे. आई बुटकी नि बाप बुटका असला तरी पोर तीन फुटी निघू शकते.

शेवंतीचे जे एक “फूल” आपण खुडतो ते खरे तर फुलांचा मेळावा असतो. कडेची प्रत्येक पाकळी हे एक मादी फूल. मधल्या पिवळ्या डोळ्यात (हा उसाचा डोळा नव्हे!) बारीक नळीसारखी फुले असतात, त्यांत नर-मादी दोन्ही. गच्च भरलेल्या फुलात हा डोळा जवळजवळ नसतोच, म्हणून पराग मिळत नाही. अशा जाती आई म्हणून वापरतात आणि डोळा दिसणारी जात बाप म्हणून. पैदासकार काय करतो? आईच्या फुलाच्या पाकळ्या कात्रीने आखूड कापतो, म्हणजे बुडाशी दडलेली स्त्रीकेसराची दुभंगलेली टोके उघडी होतात. मग बापाचा पराग मऊ कुंचल्याने त्यांवर फिरवतो. टोके एकदम तयार होत नाहीत, बाहेरची आधी नि आतली मागाहून, म्हणून हे काम दोन-तीन दिवसांआड पुन्हा करावे लागते. वर कागदी पिशवी बांधतात, नाहीतर मधमाशी आपला हिशेब चुकवते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. शेवंती बहुधा स्वतःच्या परागाने बी धरीत नाही. एका जातीच्या पन्नास कुंड्या शेजारी ठेवल्या तरी ते एकच झाड, तेव्हा बी शून्य. वेगवेगळ्या जाती जवळ असाव्या लागतात. ज्यांना कात्री-कुंचल्याची उठाठेव नको त्यांनी चार-सहा बुटक्या जाती एकत्र ठेवून मधमाशांवर काम सोपवावे. आई कळते, बाप कळत नाही, एवढाच तोटा.

बी धरण्यास सहा-आठ आठवडे लागतात. त्या काळात फुलावर पाणी पडू देऊ नये, कुजते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारी कोरडे, हे आपले भाग्य. बी बारीक असते, फार दिवस टिकत नाही, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच चाळलेल्या मातीत व कुजलेल्या शेणखतात पेरून टाकावे. आठ-दहा दिवसांत उगवते. पावसाळ्यात मुळे कुजू नयेत म्हणून कुंड्या विटांवर ठेवाव्यात. ऑक्टोबरला कळ्या, नोव्हेंबर-डिसेंबरला फुले. आणि मग खरे काम सुरू होते, ते म्हणजे टाकून देण्याचे. शंभरांतली नव्वदाहून अधिक झाडे पहिल्याच वर्षी बाद करावी लागतात. ज्याला झाड उपटताना जीव तुटतो त्याने या वाटेला जाऊ नये.

निवडताना रंगाकडे शेवटी पाहावे, असे आमचे मत आहे. आधी अंग पाहावे. शेंडा खुडल्याशिवाय बुडापासून फुटवे येतात का, काठीशिवाय उभे राहते का. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानाने (१९७८ पासून ती राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था झाली) नेमका हाच धागा धरला आणि शेंडा न खुडता, काठी न लावता आपोआप भरणाऱ्या लहान फुलांच्या जाती काढल्या. मजुरीचा हिशेब करणाऱ्याला याचे मोल कळेल. हजार कुंड्यांचे शेंडे दोन वेळा खुडावयाचे आणि हजार काठ्या बांधावयाच्या म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच विचारा.

दुसरी वाट किरणांची. मुळे फुटलेल्या छाट्यांना गॅमा किरणांची सौम्य मात्रा देतात. झाड बहुतांशी तेच राहते, पण एखाद्या फांदीवर फुलाचा रंग किंवा आकार बदलतो. ती फांदी वेगळी काढून लावली की नवी जात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पूसा अनमोल’ ही ‘अजय’ या जातीवर असे किरण सोडून मिळाली. निसर्गातही हे किरणांशिवाय घडते. आपल्या वाफ्यात पांढऱ्या झाडाच्या एका फांदीला पिवळी फुले आली तर कोणाची नजर लागली असे समजू नये. पांढऱ्या शेवंतीत पिवळा रंग तयार होतच असतो, पण त्याला मोडून टाकणारे एक विकर पाकळीत असते. ते विकर बंद पडले की दडलेला पिवळा वर येतो. अशी फांदी दिसली तर खूण बांधावी आणि छाटा तिचाच घ्यावा. निळा रंग मात्र शेवंतीत मुळीच नाही. जपानी शास्त्रज्ञांनी २०१७ साली तो आणला, आणि त्यासाठी घेतलेल्या दोन जनुकांपैकी एक होते आपल्या कुंपणावरच्या गोकर्णाचे.

आता सर्वांत महत्त्वाचे, कारण पैसे येथे बुडतात. शेवंती दिवस लहान झाला की, खरे म्हणजे रात्र मोठी झाली की, कळी धरते. उसाच्या तुऱ्याचेही गणित असेच दिवसमानाचे. आपल्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा सुमारे सव्वातेरा तासांचा. लखनौचा त्याहून मोठा, आणि हॉलंड-इंग्लंडकडे तर सोळा तासांच्या वर. तिकडच्या कुंडीच्या जाती काचघरात, मध्यरात्री दिवे लावून वाढवतात आणि काळे कापड ओढून फुलवतात. तीच जात आपण उघड्या अंगणात लावली तर ती पुरती वाढण्याआधीच कळी धरू शकते. म्हणजे जात खोटी नसते, पण ती दुसऱ्या आकाशासाठी निवडलेली असते. तेव्हा छाटे विकणाऱ्यास पहिला प्रश्न : ही जात दिव्यांवाचून, आपल्या जिल्ह्यात, कोणाकडे फुललेली आहे?

दुसरा प्रश्न बुटकेपणाचा. दुकानातली गोंडस कुंडी पुष्कळदा वाढ रोखणारे औषध फवारून आखूड ठेवलेली असते. तिचे छाटे घरी लावले की झाड कमरेपर्यंत जाते आणि आपण खताला दोष देतो. तिसरी बाब याहून वाईट. शेवंतीला खुजा रोग होतो, विषाणूहूनही सूक्ष्म अशा जंतूमुळे. झाड आखूड राहते, फुले लहान येतात, आणि पाहणाऱ्याला वाटते, वा, काय बुटकी जात! उसात गवताळ वाढीच्या बेटाचे बेणे कोणी ठेवील काय? तसेच हे. तो चाकूने नि हातांनी पसरतो, म्हणून छाटे घेताना दर झाडानंतर पाते निर्जंतुक करावे. पानाची मागची बाजूही पाहावी. तेथे पांढरट-गुलाबी फोड दिसले तर तो पांढरा तांबेरा, असे रोप फुकट दिले तरी घरात घेऊ नये.

पहिल्या वर्षी निवडलेल्या पाच-सात झाडांचे दुसऱ्या वर्षी प्रत्येकी दहा-वीस छाटे करून पाहावे लागतात, तिसऱ्या वर्षी शंभर. एका कुंडीत शोभणारे झाड शंभर कुंड्यांत एकसारखे येईलच असे नाही, आणि एखाद्या पावसाळ्यात टिकलेले दुसऱ्यात टिकेल असेही नाही. चार-पाच वर्षांच्या आत “जात झाली” म्हणणाऱ्यावर आम्ही तरी विश्वास ठेवणार नाही. पुण्यात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पुष्पसंशोधन संचालनालय आहे. ज्यांना यात खरोखर पडावयाचे आहे त्यांनी एक खेप तेथे टाकावी, शक्यतो फुलांच्या हंगामात.

आणि एखाद्या सभासदाच्या अंगणात खरोखरच चांगले झाड निघाले तर? २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्यालाही स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते. वाण इतरांपासून वेगळा, एकसारखा व स्थिर असल्याचे तपासले जाते, आणि शेवंतीसाठी त्या तपासणीचे निकष ठरलेले आहेत. नव्या वाणाला पंधरा वर्षांचे संरक्षण मिळू शकते. पण अर्जाच्या आधी एक वर्षाहून जास्त काळ आपण त्याची विक्री केलेली असेल, तर ‘नवा’ हा दावा टिकत नाही. म्हणून बी कोणत्या झाडाचे, पेरले केव्हा, पहिले फूल कोणत्या तारखेला, छाटे कोणास दिले नि विकत की फुकट, हे पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवावे. शेजारणीला प्रेमाने दिलेल्या छाट्याचीही नोंद करावी.